वहिवाट

२०२४ च्या भाऊबीजेला दोन दिवस असताना माझा मामेभाऊ भांडुपला आईकडे आला. त्याच्या पिशवीत दरवर्षीप्रमाणे कुळथाचे पीठ, आगळाची बाटली आणि मामींनी बांधून दिलेले पोह्यांचे पापड होते, आणि या खेपेला त्यांच्याखाली एक प्लॅस्टिकची फाइलही होती. चहा झाल्यावर त्याने ती उघडली आणि म्हणाला, “आत्या, फक्त एक सही हवी आहे. बाकीचे सगळे मी बघतो.” फाइलमध्ये हक्कसोडपत्राचा सहा पानी मसुदा होता.

आईला ऐंशीवे लागले आहे. मोतीबिंदू काढून झाला असला तरी बारीक अक्षर ती भिंगातूनच वाचते. ‘सदर मिळकतीतील माझा हक्क, अधिकार व हितसंबंध मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व विनामोबदला सोडून देत आहे’ हे वाक्य तिने सरळ वाचून टाकले, जणू ते तिला ठाऊकच होते. पुढच्या पानावर मिळकतीच्या वर्णनापाशी मात्र तिचे बोट थबकले. “आंब्याची छत्तीस कलमे लिहिली आहेत, पडवीसह घर लिहिले आहे. मग विहीर कुठे गेली?” मामेभावाने समजावले की ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ असे खाली लिहिलेले आहे, त्यातले ‘जल’ म्हणजे विहीरच. आईचे समाधान झाले नाही. ती विहीर तिच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात खणली गेली होती आणि तिने व मावशीने मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. सही त्या दिवशी राहून गेली.

मी वकील नाही. एका विमा कार्यालयात तीस वर्षे मृत्यूदाव्यांचे कागद तपासण्याचे काम केले, त्यामुळे ‘वारस’ हा शब्द रोज कानांवरून गेला. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, ती केवळ पैसे स्वीकारणारी, आणि पैशांवर हक्क वारसांचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये शरबतीदेवी प्रकरणात सांगितलेले तत्त्व मी टेबलापलीकडच्या कित्येक विधवांना आणि दिरांना समजावून सांगितले असेल. तरीही माझ्या स्वतःच्या आईचा तिच्या माहेरच्या मिळकतीत नेमका किती हिस्सा आहे, हे मी त्या संध्याकाळपर्यंत कधी कागदावर मांडून पाहिले नव्हते. पाहावेसे का वाटले नाही, याचे उत्तर आमच्याकडे सर्वांना पाठ आहे: तशी वहिवाट नाही.

हा शब्द मोठा विलक्षण आहे. वहिवाट म्हणजे रूढी, प्रघात. वहिवाट म्हणजे जमिनीचा प्रत्यक्ष ताबा आणि कसवणूक. शेजाऱ्याच्या परड्यातून जाण्याच्या वाटेचा हक्कही वहिवाटच. आणि एखाद्या सामाईक मिळकतीचा, देवस्थानाचा किंवा इनामाचा कारभार पाहणाराही वहिवाटदारच. चालत आलेले आणि ताब्यात असलेले, या दोहोंना मराठीने एकच नाव देऊन ठेवले आहे. ज्याच्या ताब्यात जमीन, तोच रूढी काय आहे ते सांगणार, असा या शब्दाचा अर्थ घेतला तर तो फारसा चुकणार नाही, असे आता मला वाटते.

गंमत अशी की या वहिवाटीला मुंबई इलाख्यात एके काळी धर्मशास्त्राच्याही वर बसवलेले होते. कंपनी सरकारच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाच्या सव्विसाव्या कलमाने इलाख्यातील दिवाणी न्यायालयांना क्रम घालून दिला होता: आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे, ते नसतील तर त्या मुलखातील वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा स्वतःचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्याय, समन्याय व सद्‌सद्‌विवेक. याच सुमारास आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातीजातींच्या चालीरीतींची माहिती गोळा करून तिचा ग्रंथ केला; तोही १८२७ मध्येच छापला गेला. ज्यांना विचारून त्या चालीरीती नोंदल्या गेल्या त्यांत शास्त्री होते, जातींचे पुढारी होते. त्या बैठकांत माहेरी हिस्सा न मिळालेली एखादी बाई बोलावली गेली असेल असे मला वाटत नाही.

मुंबई बेटाची गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती मला या सगळ्या वाचनात सर्वांत अनपेक्षित वाटली. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी लिहिलेला ‘व्यवहारमयूख’ हा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत ‘मिताक्षरा’ या त्याहून जुन्या प्रमाणग्रंथापेक्षाही वरचढ मानला जाई. उरलेल्या महाराष्ट्रात मिताक्षरा पहिली आणि मयूख दुसरा. मयूखाने आणि त्यावर उभ्या राहिलेल्या मुंबईच्या न्यायपरंपरेने बहिणीला भावाच्या वारसांत इतर प्रांतांच्या मानाने बरेच वरचे स्थान दिले होते. बंगालमध्ये किंवा मद्रासेत मुलीला बापाकडून वारसाने काही मिळाले तर ते तिच्या हयातीपुरते असे. मुंबई इलाख्यात मात्र मुलीला मिळालेली मिळकत पूर्णपणे तिची होई. दापोली तालुक्यातील मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. दोघेही कोकणातले, दोघेही मुंबईच्या उच्च न्यायालयातले वकील. अर्थात यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. मुलीची आणि बहिणीची पाळी यायची ती मुलगा नसेल तेव्हा, विधवा नसेल तेव्हा. आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत ती यायचीच नाही. पण ‘आमच्यात बाईला काही द्यायची पूर्वापार पद्धतच नाही’ हे वाक्य ज्या ठामपणे उच्चारले जाते, तितका पूर्वापार त्याच्या पाठीशी नाही, एवढे निश्चित.

उलट काही ठिकाणी बाईला मागे सारण्याचे काम सरकारी कायद्यानेच केलेले दिसते. वतनदार घराण्यांसाठी १८८६ च्या मुंबईच्या पाचव्या कायद्याने असे ठरवले की शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता घरातील प्रत्येक स्त्री ही वारसक्रमात घरातील प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे राहील. त्याही आधी, १८४७ मध्ये, मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन समाजांतील मुलींचे दावे आले होते. मुलींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला. समाजाच्या वतीने सांगण्यात आले की आमच्यात मुलींना वारसा देण्याची चाल नाही. न्यायालयाने चाल सिद्ध झाली असे मानले आणि मुली हरल्या. धर्मग्रंथ बाईच्या बाजूने असला तर वहिवाट आडवी येते, आणि वहिवाट बाईच्या बाजूने असली तर कोणीतरी ग्रंथ किंवा कायदा पुढे करते, असा हा खेळ या शहरात दोनशे वर्षे चाललेला दिसतो. मध्ये एक चांगले पाऊल पडले ते १९३७ साली. पेडर रोडला आज ज्यांचे नाव आहे त्या डॉ. गोपाळराव देशमुखांनी हिंदू विधवांना पतीच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा घडवून आणला. तो वाटाही हयातीपुरताच होता, आणि मुलींना त्यात काही नव्हते.

१७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार अधिनियम आला आणि त्याच्या चौथ्या कलमाने, ज्या बाबींची तरतूद अधिनियमात केलेली आहे त्या बाबींपुरता, जुना शास्त्राधार, रूढी, परिपाठ सगळे मोडीत काढले. आईचे लग्न १९६६ चे, आजोबा गेले १९७१ मध्ये. म्हणजे आजोबा वारले तेव्हा कायद्याच्या पुस्तकात वहिवाटीला जागाच उरलेली नव्हती. आता त्यावेळचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसाचे नाव लावल्याची नोंद, पाहा. मामेभावाने फाइलमध्ये त्याची नक्कल जोडली होती, आणि ती मी पहिल्यांदाच वाचत होते. ‘मयताचे वारस मुलगा’, पुढे मामाचे नाव, त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे, आणि शेवटी एक ओळ: ‘मुली विवाहित असून सासरी नांदत आहेत.’ आजीचा उल्लेखच नाही. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ज्यांनी गावचा सातबारा पाहिला आहे त्यांना ही अक्षरे परिचित असतील. त्यांचा खरा अर्थ असा की हा मनुष्य इतरांच्या वतीने कारभार पाहतो. पण सातबाऱ्यावर इतरांची नावे नसल्याने काही वर्षांनी तो अर्थ झिजतो आणि मॅनेजर हाच मालक आहे अशी त्याची, गावाची आणि शेवटी बहिणींचीही समजूत होते. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती केवळ सारा कोणी भरायचा यासाठीची नोंद असते, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे; गावात मात्र सातबाऱ्याइतका दुसऱ्या कशाला मान नाही.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री मी आणि आई हिशेबाला बसलो. कायद्याचे गणित कसे चालते हे समजण्यासाठी गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई हा १९७८ चा निकाल फार उपयोगी आहे, तो न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा आणि खटलाही आपल्या राज्यातला. खंडाप्पा वारले १९६० मध्ये, मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. न्यायालयाने सांगितले की मृत्यूच्या क्षणाआधी वाटणी झाली होती असे आधी समजायचे. त्या कल्पित वाटणीत बाप, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी पाव हिस्सा; नंतर बापाचा पाव हिस्सा सहा वारसांत सारखा वाटायचा. हिराबाईंच्या वाट्याला २४ पैकी ७ भाग आले. प्रत्येक मुलाला तेवढेच. आणि प्रत्येक मुलीला २४ पैकी १.

आमच्याकडे वडिलोपार्जित मिळकत, आजोबा, आजी आणि एकच मुलगा. कल्पित वाटणीत तिघांचे तीन समान हिस्से. आजोबांचा एक-तृतीयांश आजी, मामा, आई आणि मावशी या चौघांत, म्हणजे प्रत्येकी एक-द्वादशांश. आजीच्या नावे त्यामुळे १२ पैकी ५ भाग झाले. ती १९८८ मध्ये गेली आणि ते तिन्ही मुलांत सारखे विभागले गेले. सगळे मिळवल्यावर आईचा हिस्सा ९ पैकी २ येतो, मावशीचाही तेवढाच, आणि मामाचा ९ पैकी ५. मी वहीच्या मागच्या पानावर हे लिहून आईला म्हटले, “छत्तीस कलमांपैकी आठ तुझी.” तिने भिंग खाली ठेवून विचारले, “कोणती आठ?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सामाईक मिळकतीत कोणतेही एक कलम कोणाचे नसते. वाटणी होईपर्यंत प्रत्येक कलमाच्या प्रत्येक आंब्यात तिघांचा अंश असतो. आणि घराच्या बाबतीत तर विवाहित मुलीला आपला हिस्सा वेगळा करून मागताही येत नव्हता. मूळ अधिनियमाच्या तेविसाव्या कलमानुसार, घरात पुरुष वारस राहत असतील तर ते स्वतःहून वाटणी करीपर्यंत मुलींनी थांबायचे. तोवर अविवाहित, परित्यक्ता, विभक्त किंवा विधवा मुलीला निदान राहण्याचा हक्क होता, नांदत्या मुलीला तोही नाही. ते कलम २००५ मध्ये रद्द झाले.

त्याच दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार, झाली. महाराष्ट्राने हे अकरा वर्षे आधी, २२ जून १९९४ पासूनच केले होते, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या; म्हणजे आईच्या पिढीतील जवळजवळ सगळ्याच. केंद्राच्या दुरुस्तीत तशी अट नव्हती. मग बाप २००५ मध्ये हयात असायला हवा की नको यावर न्यायालयांत बरीच वर्षे उलटसुलट निकाल झाले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी बाप हयात असण्याची गरज नाही. कल्पित वाटणी ही खरी वाटणी नव्हे. २० डिसेंबर २००४ पूर्वी खरोखर वाटणी किंवा विल्हेवाट झालेली असेल तरच ती अबाधित. आमच्या घरी वाटणी कधीच झालेली नसल्याने, ज्या वकीलबाईंना आम्ही नंतर विचारले त्यांच्या मते आईला सरळ एक-तृतीयांशाचाही दावा करता आला असता. म्हणजे बारा कलमे. पण आईच्या डोक्यात आठ हा आकडा बसला तो बसलाच.

इथे एक गोष्ट नमूद केल्याशिवाय पुढे जाववत नाही. भांडुपहून तासाभराच्या अंतरात, आरेच्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली कुटुंबांना हा सगळा अधिनियम लागूच नाही. त्याच्या दुसऱ्या कलमातच अनुसूचित जमाती वगळलेल्या आहेत. तिथे अजूनही रूढीच कायदा आहे. एका आदिवासी मुलीच्या दाव्यात डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला याचा विचार करण्यास सुचवले. पुढे जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने निकाल दिला की, मुलींना वगळणारी रूढी आहे असे जो म्हणतो त्याने ती सिद्ध केली पाहिजे, आणि ती सिद्ध होत नसेल तर समानतेचे तत्त्व लागू होईल. सिद्ध करण्याचे ओझे कोणावर, या एकाच प्रश्नावर किती अवलंबून असते! १८४७ मध्ये हे ओझे मुलींच्या विरोधकांनी सहज उचलले होते.

आमच्यासारख्यांना मात्र रूढी सिद्ध करण्याची गरजच पडत नाही, कारण ती आता कायद्यात नसून सहीत आहे. बहीण वारस आहे हे कोणी नाकारत नाही. तिने ते स्वतःहून नाकारावे एवढीच अपेक्षा असते. मावशीने १९८९ मध्ये तलाठ्यापुढे जबाब दिला होता की ‘मला भावाच्या नावास हरकत नाही’. तेव्हापासून ती मामाकडे गणपतीला जाते, ओटी भरून घेते, आणि आपला काही हक्क उरलेला नाही अशा समजुतीने परत येते. वास्तविक स्थावर मिळकतीतील हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. तलाठ्यापुढच्या जबाबाने तो सुटत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा खर्चही नगण्य ठेवलेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या लाभात विनामोबदला हक्क सोडायचा असेल तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये होते, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचशे झाले. मामेभाऊ याबद्दल थोडा हळहळत होता; महिनाभर आधी आला असता तर तीनशे रुपये वाचले असते.

मामावर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वडील गेले तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. मुंबईत गिरणीत चिकटण्याची संधी सोडून तो गावात राहिला. दर पावसाळ्याआधी कौले चाळणे, गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचणे, आजीचे शेवटचे दुखणे, घरचा गणपती, ग्रामदेवतेच्या पाळीचा खर्च, हे सगळे त्याने केले. भाऊबीजेला मामेभावाने आम्हाला त्याची हिशेबवही दाखवली. लाल कापडी बांधणीची, कोपरे तेलाने काळे पडलेली. डावीकडे खर्च: फवारण्या, कल्टार, खत, माकडांसाठी ठेवलेले राखणदार, काढणी, पेटारे, वाशीपर्यंतची गाडी. उजवीकडे दलालाकडून आलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या, टाचणीने लावलेल्या. २०१५ च्या पानावर ‘अवकाळी’ एवढेच लिहून उजवी बाजू कोरी सोडलेली होती. त्या वहीत एकाही वर्षी बहिणींना पाठवलेल्या पैशांची नोंद नव्हती, पण ‘आक्का, भांडुप, २ पेट्या’ आणि मावशीच्या नावापुढे तेवढ्याच, ही नोंद एकही वर्ष चुकलेली नव्हती. पेट्या विनामूल्य नव्हत्या तर; त्याने त्या खर्चात टाकल्या होत्या! आईला याचे जरा हसू आले.

कायदाही कारभाऱ्याला बराच सांभाळून घेतो. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याकडे, अफरातफरीचा आरोप नसेल, तर मागच्या प्रत्येक वर्षाचा पैन्‌पैचा हिशेब मागता येत नाही. वाटणीच्या दिवशी जे शिल्लक असेल त्यातूनच वाटे पडतात. दुसरीकडे, एकाच हिस्सेदाराने कितीही वर्षे जमीन वहिवाटली तरी तेवढ्याने इतरांचा हक्क बुडत नाही. ‘तुमचा यात काही संबंध नाही’ असे त्याने उघडपणे सांगून तसे वागले पाहिजे. मामाने तसे कधी म्हटले नव्हते. आईनेही कधी विचारले नव्हते. पन्नास वर्षे दोघांनीही न बोलून जे राखले होते, त्याला वहिवाट म्हणायचे की लाज, हे मला नीट सांगता येत नाही.

आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? माझे वडील १९९४ मध्ये गेले. लालबागला आमची चाळीतली खोली होती, पागडीची, दहा बाय पंधराची, बाहेर सामाईक गॅलरी. भाडेकरू वारला तर भाडेकरूपण त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जाते, आणि तसे कोणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात आणि आताच्या १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यातही तरतूद अशीच आहे. खोलीत भाऊ आणि आई राहत होते, मी लग्न होऊन ठाण्याला. त्यांच्यात आपसांत ठरवून भाडेपावती भावाच्या नावे करायची होती, आणि मालकाच्या माणसाने माझ्याकडूनही एक ना-हरकत पत्र मागितले. मी ते ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, न वाचता, पाकिटावर ठेवून सही करून दिले. पुढे चाळीचा पुनर्विकास झाला आणि त्या खोलीच्या बदल्यात भावाला मालकीचा फ्लॅट मिळाला. तो विकून त्याने भांडुपला मोठी जागा घेतली, जिथे आज आई राहते. कायद्याने तिथे माझा हक्क फारसा बसत नव्हता, आणि आईला भावानेच सांभाळले आहे. मला त्याबद्दल तक्रार नाही. परंतु बसत नव्हता हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. माहीत नसतानाही मी सही केली, आणि तसे करताना आपण चांगली बहीण आहोत असे मला वाटले होते, हे खरे.

डिसेंबरमध्ये मामाचा फोन आला. तो आवाज चढवून बोलणारा नव्हे. एवढेच म्हणाला, “आक्का, तू वाटे मागितलेस असे गावात म्हणतायत.” आई म्हणाली, “मागितले कुठे? मोजले.” मग दोघे बराच वेळ विहिरीबद्दल बोलत राहिले, तिचा एका बाजूचा कठडा गेल्या पावसात गेला होता, हे आईला त्या फोनमध्ये कळले.

मसुदा बदलायला तीन महिने लागले. भातशेती आणि वरकस जमिनीवरचा हक्क आईने मामाच्या लाभात सोडला, रीतसर, नोंदणीकृत दस्ताने. घर, विहीर आणि कलमांची बाग यांत तिने हिस्सा ठेवला, आणि विहिरीचे नाव दस्तात स्वतंत्र ओळीत घालून घेतले. ‘जल’ या शब्दावर तिचा विश्वास बसला नाही तो नाहीच. बागेच्या कारभारासाठी एक वेगळा साधा करार झाला: वहिवाट मामाची आणि त्याच्यानंतर मामेभावाची, खर्च वजा जाता निम्मी रक्कम वहिवाटदाराची मेहनत म्हणून, उरलेली हिस्सेदारांत. मावशीचे नावही लावायचे ठरले, त्याला तिने बरेच आढेवेढे घेतले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आईचा अंगठा यंत्राला वाचता येईना. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. शेवटी तर्जनीवर काम भागले. फोटोसाठी तिला मान वर करायला सांगितली तेव्हा तिने आधी डोक्यावरचा पदर नीट केला.

फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस निघाली, मुदत संपली, कोणाची हरकत आली नाही. त्याच सुमारास सरकारने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली होती, त्याचाही थोडा उपयोग झाला. आईचे नाव मात्र पहिल्या खेपेला चुकीचे लागले. आडनाव सासरचे आणि वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव, त्यातही एक काना जास्त. दुरुस्तीसाठी मामेभावाला दोन खेपा घालाव्या लागल्या. आता ऑनलाइन सातबारा उघडला की ए.कु.मॅ. ची नोंद कंसात, म्हणजे कमी केलेली, दिसते आणि तिच्याखाली तिघांची नावे. आईने फोनवर ती मोठी करून पाहिली आणि आजीचे नाव कुठेच कसे नाही, असे विचारले. आजीचे नाव एकदाही न लागताच तिचा हिस्सा पुढे गेला होता. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

यंदाच्या एप्रिलात दोन पेट्या आल्या. वरच्या पेटीत गवतावर घडी करून ठेवलेली वाशीच्या पट्टीची झेरॉक्स होती. आईने आंबे पालथे घालायचे काम माझ्यावर सोपवले, भिंग काढले आणि पट्टी वाचायला घेतली. मग मामाला फोन लावून तिने पहिला प्रश्न विचारला तो हमालीचा: गेल्या वर्षीपेक्षा ती एवढी कशी वाढली?